मेलेल्या दाताला भूल कशाला

नाशिक, गंगापूर रोड
१२ मार्च २००६

प्रिय संपदा,

फोन न करता पत्र लिहितेय. एक तर सोबत एक्स-रेची फिल्म आहे, ती काही फोनमधून पाठवता येत नाही. आणि दुसरं म्हणजे आपण दोघी फोनवर बोलायला लागलो की तुझी आई जपाची माळ थांबवून ऐकते आणि रात्री पानावर बसल्यावर तुझ्या दादाला माझी बाजू तेवढी वगळून सगळं सांगते.

फिल्म स्नेहलच्या दाताची आहे. दिवाळीत ती पंचवटीत भाजीबाजारापाशी कोबीच्या पाल्यावरून स्कूटीसकट घसरली, ते तुला ठाऊकच आहे. तेव्हा ओठ फाटला, गुडघे सोलवटले आणि वरचा पुढचा दात हलायला लागला. मी म्हटलं, बसेल हळूहळू. बसलाही. पण परवा आरशात बघून म्हणाली, "आई, हिरडीवर पुटकुळी आलीय." दाबली तर पू! बर्फ लावून पाहिला, तिला काही म्हणता काही कळलं नाही. बर्फाची कांडी मी अजून तश्शीच करते बरं का, सुईच्या टोपणात पाणी भरून फ्रीजमध्ये, आपण हॉस्टेलवर करायचो तशी. नस मेलीय. मुळाच्या टोकाशी काळी सावली तुलाही दिसेल.

रूट कॅनाल करायचं, वर कॅप बसवायची आणि मोकळं व्हायचं. मी आजवर हेच करत आलेय. पण लेक म्हणते, "आधी आत्याला विचार." आईचा दवाखाना घराच्या जिन्याखाली, आणि सल्ला मंगळूरहून यायला हवा! तू एमडीएस, प्रोफेसर. आम्ही नुसत्या बीडीएस, गल्लीतल्या दात काढणाऱ्या. बोचलं म्हणून लिहिलं. हसायचं तर हस.

तुझी मैत्रीण, आणि तुझ्या भावाच्या कृपेने वहिनी,
इंदू


मंगळूर
२४ मार्च २००६

प्रिय इंदू,

फिल्म भिंगाखाली धरून पाहिली. माझ्या विद्यार्थ्यांनाही दाखवली, कारण असा स्वच्छ एक्स-रे त्यांना अजून काढता येत नाही. नस मेलीय, त्यात वाद नाही.

पण इंदू, जरा थांब. रूट कॅनाल करू नकोस.

गेल्या चार-पाच वर्षांत जपान-अमेरिकेकडे काहींनी लहान मुलांचे दात वेगळ्या रीतीनं हाताळलेत. मुळाच्या नळीत आपण रबर भरतो, ते भरायचंच नाही. नळी धुवायची, तीन अँटिबायोटिकची पेस्ट घालून काही आठवडे ठेवायची, जंतू मेले की मुळाच्या टोकाला मुद्दाम टोचून रक्त नळीत वर येऊ द्यायचं. त्याची गुठळी होते. तिच्यावर सिमेंटचं झाकण लावून दात बंद. त्या गुठळीच्या आधारानं शरीर आत पुन्हा काहीतरी जिवंत उगवतं. जुनी नस नव्हे, पण जिवंत. मुलांच्या दातांत मी स्वतः हे केलंय.

मोठ्या माणसाच्या दातात चालेल का? तिथं मुळाचं टोक जवळजवळ बंद झालेलं असतं, रक्ताला वर यायची वाट अरुंद. कोणी छातीठोक सांगत नाही, मीही सांगत नाही. पण स्नेहल एकवीस वर्षांची आहे, दात किडलेला नाही, धडधाकट आहे. नाहीच जमलं तर तुझं रूट कॅनाल कुठं पळून जात नाही. मेमध्ये ती सुट्टीला येणारच आहे. तेव्हा करू?

आई माळ थांबवून ऐकते, हे वाचून हसू आलं आणि मग तिची आठवण आली. तिचे गुडघे कसे आहेत?

तुझी
संपदा


नाशिक
३ एप्रिल २००६

प्रिय संपदा,

नाही.

सुट्टीला तिला पाठवते, दरवर्षीसारखी. आंबे खाऊ घाल, समुद्र दाखव. दाताला हात लावायचा नाही. माझ्या मुलीचं तोंड म्हणजे तुझी प्रयोगशाळा नाही. दुधाचे दात हलायला लागले तेव्हापासून तिच्या तोंडात फक्त माझे हात गेलेत.

आणि आता विषय निघालाच आहे तर ऐक. एमडीएसच्या यादीत माझं नाव तुझ्या वर होतं. तुला जागा मिळाली, कारण मी ती सोडली. मी सोडली, कारण मला दिवस गेले होते. पोटात कोण होतं, ते तुला सांगायला नको. एकवीस वर्षं मी यावर चकार शब्द काढला नाही. तू पेढे घेऊन आलीस तेव्हा खाल्ले, तुझ्या थिसिसच्या वेळी तुझ्या आईचं ऑपरेशन मी निभावलं, दिवाळीला तू शिकवून थकलेली यायचीस म्हणून तुला काम सांगितलं नाही. कशाचंच काही वाटलं नाही, असं म्हटलं तर खोटं होईल, पण गिळलं. आणि जिच्यासाठी ती जागा सोडली ती घोडी आता मला म्हणते, "आधी आत्याला विचार." तुझ्यासारखं बोलते, तुझ्यासारखी ओढणी घेते, तू पाठवलेलं पेन बोर्डाच्या परीक्षेला वापरलंन. मी दिलेलं खणात पडलं.

मला जळायला होतं, संपदा. अगदी सरळ सांगते. तेव्हा निदान हा एक दात तरी माझ्याकडे राहू दे.

गुडघे बरे आहेत. तेल मी लावते.

इंदू


मंगळूर
२९ मे २००६

प्रिय इंदू,

हे पत्र वाचून तू संतापशील. तरी शेवटपर्यंत वाच.

स्नेहल आल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिचा ओठ सुजला. डोळ्यापर्यंत सूज. पू वाट शोधत होता, दात उघडावाच लागला. तिथपर्यंत तूही माझ्या जागी तेच केलं असतंस. त्यानंतर मात्र मी तुला फोन करायला हवा होता, आणि केला नाही. स्नेहलला दोन्ही रस्ते समजावले, तुझं म्हणणंही सांगितलं. ती म्हणाली, "आत्या, जिवंत होण्याची थोडी जरी आशा असेल तर मला तो जिवंत हवाय." तिनं सही केली. मी पेस्ट घातली.

पेस्ट तीन आठवडे राहिली. आज सकाळी रक्त वर आणलं. यायला तयार नव्हतं. दोनदा टोचलं, मग आलं. सिमेंट घातलं, फिलिंग केलं. सूज नाही, पुटकुळी गेली. त्याच सिमेंटची एक सीलबंद पुडी स्नेहलबरोबर पाठवतेय, नाशिकला पटकन मिळत नाही. तुझ्याकडे असू दे.

यादीबद्दल तू लिहिलंस. मला माहीत होतं, इंदू. पहिल्या दिवसापासून.

संपदा


नाशिक
६ जून २००६

डॉ. संपदा यांस,

पत्र पोचलं, मुलगी पोचली, पुडी पोचली.

मी नको म्हटलं होतं. लिहून म्हटलं होतं. यापुढे स्नेहलच्या दाताबद्दल मला काही कळवायची तसदी घेऊ नये. काही कळवायचं झालं तर मी कळवीन.

तुमच्या मातोश्री मजेत आहेत.

इंदिरा


नाशिक
१८ नोव्हेंबर २००६

संपदा,

तुझी दोन पत्रं आणि दिवाळीचं ग्रीटिंग आलं. उत्तर दिलं नाही, ते मुद्दाम. आज देतेय, तेही मुद्दाम.

सोबत फोटो आहे. दात नीट बघ. बाकीचे पांढरे आणि एक राखाडी. गणपतीत मला नुसती शंका होती, दसऱ्याला तुझ्या आईनं विचारलं, "हिनं दातण करणं सोडलं का?" आणि दिवाळीच्या फोटोत तर लेकीनं तोंडच उघडलं नाही.

तुझ्या त्या तीन औषधांतल्या एकानं दात रंगतो. मी वाचून काढलंय, गल्लीतल्या डॉक्टरांनाही वाचता येतं. ती पेस्ट हिरडीच्या खालीच ठेवायची असते ना? तू वरपर्यंत भरलीस. कॉलेजातही तुझं तसंच होतं, जे भरायचं ते ठासून, काठोकाठ. सर ओरडायचे.

दर महिन्याला तिला खुर्चीत बसवून बर्फ लावते. काहीच लागत नाही तिला. म्हणजे दात मेलेला तो मेलेलाच, वर काळाही झाला.

मला आनंद झाला असं तुला वाटत असेल. पहिले दोन दिवस झालाही. मग एकदा ती बेसिनपाशी दात घासताना दिसली, तोच तोच एक दात घासत होती, हिरडीतून रक्त येईपर्यंत. तेव्हापासून नाही होत.

इंदू


मंगळूर
१ डिसेंबर २००६

सौ. वहिनीस,

पेस्ट मी वरपर्यंत भरली, बरोबर आहे. चूक झाली. ती माझी आणि फक्त माझी.

पण एक ऐका. बर्फ लागत नाही म्हणून दात मेला, असं म्हणू नका. मध्ये फिलिंग आहे, त्याखाली सिमेंटचा जाड थर, त्याखाली जे काही असेल ते असेल. गारवा तिथवर पोचायचा कसा? पू परत आलेला नाही, पुटकुळी नाही. त्याला एक वर्ष द्या. मुलीसाठी द्या, माझ्यासाठी नको.

मी फोटो टेबलावर ठेवलाय. उलटा ठेवते, पण दिवसातून एकदा सुलटा करून बघते.

संपदा


नाशिक
२० डिसेंबर २००७

प्रिय संपदा,

वर्ष मागितलंस, वर्षाच्या वर दिलं.

दादानं सांगितलंच असेल, स्नेहलला लोकल केबलवर संध्याकाळच्या बातम्या वाचायचं काम मिळालंय. चांदवडला कांद्याला काय भाव फुटला, गंगापूर धरणातून पाणी कधी सोडणार, कुठल्या भागात लाइट जाणार. पण वाचते काय टेचात! तुझी आई साडेसातला टीव्हीसमोर पाट मांडून बसते. परवा कॅमेरावाला म्हणाला, "मॅडम, शेवटचं स्माइल ओठ मिटून द्या." घरी आली ती थेट दवाखान्यात. खुर्चीत बसली आणि म्हणाली, "आई, तुला हवं ते कर. मला हा दात पांढरा करून दे."

मला हवं ते! दोन वर्षं मी या वाक्याची वाट बघत होते.

तेव्हा संक्रांत झाली की दात उघडणार. तुझं सिमेंट काढणार, आत जे काय वाळलं-सडलं असेल ते साफ करणार, रीतसर रूट कॅनाल, आतून ब्लीच, वरून कॅप. बर्फ गेल्या आठवड्यातही लावला. काही नाही. तुला विचारत नाहीये, कळवतेय.

थंडी मी म्हणतेय यंदा. द्राक्षं निघाली की पाठवते.

इंदू


मंगळूर
२ जानेवारी २००८

इंदू,

उघडू नकोस. उघडायचंच तर वरचा मजला तेवढा उघड, सिमेंटला धक्का न लावता वरून ब्लीच कर. रंग निवळेल. खाली जे आहे ते खरवडलंस तर आत काय होतं, हे मला, तुला, कुणालाच कधी कळणार नाही.

तू म्हणशील, हिला जर्नलमधल्या आपल्या पेपरची पडलीय. हो, पडलीय. मोठ्या माणसाचा हा एकच दात माझ्याकडे आहे. पण तेवढंच नाही. तू आपलं जळणं लिहिलंस, आता माझं वाच.

त्या मे महिन्यात स्नेहलला पहिलं इंजेक्शन देताना ती मला म्हणाली, "आत्या, असं नाही. आई एका हातानं गाल हलवत राहते, मग सुई कळत नाही." मी गाल हलवला. म्हणाली, "एवढ्या जोरात नाही गं." मग उजेडाचा दिवा, "आई तो आधी स्वतःच्या तळहातावर धरते, मग हळूच तोंडाकडे वळवते." चूळ भरायला कोमट पाणी, "आई कोमट देते." माझ्या डिपार्टमेंटमध्ये, माझ्या विद्यार्थ्यांदेखत! बावीस वर्षं मी हे काम करतेय, आणि त्या खुर्चीत बसून ती पूर्ण वेळ तुझा दवाखाना आठवत होती. सूज उतरली त्या रात्री मी तिला विचारलं, "बरं वाटतंय ना?" तर झोपेत म्हणाली, "आई कुठंय?"

तुझी जागा मला मिळाली, खरं. पण माझ्याकडे सुट्टीपुरती येणारी भाची आहे, आणि ती जाताना आंब्यांच्या पेटीबरोबर माझं घर रिकामं करून जाते. मी त्या दाताला हात का लावला, ते मला आता कळतंय. तिच्याजवळ माझं काहीतरी कायमचं राहावं, असं वाटलं.

आता तुझी मर्जी. हात तुझा आहे.

संपदा


नाशिक
१७ फेब्रुवारी २००८

प्रिय संपदा,

तुझं पत्र मी परत परत वाचलं आणि तरीही दात उघडला. तुझ्या पत्रामुळे जास्तच उघडला. कायमचं राहावं म्हणे!

आज रविवार. दवाखाना बंद, मदतीला कोणी नाही, थुंकी ओढायची नळी स्नेहलनं स्वतःच धरली होती. "इंजेक्शन?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "मेलेल्या दाताला भूल कशाला?" फिलिंग काढलं. तुझं सिमेंट निघता निघेना, असं चिकट बसवलंस. मनातल्या मनात तुला चार शिव्या घातल्या. मग सगळ्यात बारीक फाईल घेतली, केसासारखी सुई ती, आणि नळीत सोडली. आत पोकळी असेल नाही तर घाण, असं धरून चालले होते. मुळाच्या साधारण मध्यावर फाईल कशात तरी मऊशा रुतली, आणि स्नेहलनं माझं मनगट पकडलं.

"आई! दुखलं ना!"

मी म्हटलं, फाईल टोकाबाहेर गेली असणार. तशीच ठेवून एक्स-रे काढला. फिल्म धुतली, ओलीच उजेडासमोर धरली. फाईल मुळाच्या मधोमध होती, टोक अजून कितीतरी लांब. आणि दोन वर्षांपूर्वी तुला पाठवली होती ती टोकाची काळी सावली कुठंच नव्हती. फाईल बाहेर काढली. टोकाला रक्त, ताजं, लाल. हुंगून पाहिलं, वास नाही.

तरी माझा विश्वास बसेना. फ्रीजमधून कांडी आणली, हातात धरून टोक बारीक होईतो वितळवली आणि उघड्या दातात आत टेकवली. ती खुर्चीतून उडालीच. "गार! आई, गार लागतंय! त्याच दातात लागतंय!"

पेशंटला दुखलं म्हणून मला रडू यायची ही पहिलीच वेळ.

पुढचं फक्त तुला सांगते, तुझ्या दादालाही सांगितलेलं नाही. स्नेहल चूळ भरायला वाकली होती आणि फाईल माझ्या हातात होती. भूल देऊन सगळं ओरबाडून काढायला मला कितीसा वेळ लागला असता? "जखमेचं रक्त आहे, बाकी काही नाही," म्हटलं असतं तर तिनं मानलं असतं. आईच आहे ना मी. मग दात पुन्हा माझा झाला असता. तू तिकडे जन्मभर म्हणत राहिली असतीस की आत काय होतं ते कळलंच नाही. हे सगळं मनात आलं, संपदा. यादी लागली त्या दिवशीसुद्धा मी तुझ्यावर इतकी जळले नव्हते. कारण त्या दिवशी तुझ्याकडे जे गेलं ते मी स्वतः सोडलं होतं. आज तू जे करून दाखवलंस ते माझ्याच्यानं कधी झालं नसतं.

फाईल मी ट्रेमध्ये ठेवून दिली.

मग इंजेक्शन दिलं, गाल हलवून. जोरात नाही. तुझी पुडी रागारागानं शिवणाच्या डब्यात टाकली होती, ती वर जाऊन शोधून आणली. रक्त थांबवलं, सिमेंट घातलं, दात बंद केला. पुढच्या आठवड्यात वरून ब्लीच करीन. दात पांढरा करणं माझं काम, आणि ते मी तुझ्यापेक्षा चांगलं करते. त्यात तू पडू नकोस. एक्स-रे सोबत आहे. पेपरात घाल.

खुर्चीतून उठल्या उठल्या स्नेहल पहिलं काय म्हणाली असेल? "आत्याला फोन लाव! आत्ताच्या आत्ता!" ओठ भुलीनं जड होता तरी तेवढं स्पष्ट म्हणाली.

मी हात धूत होते. म्हटलं, "फोन नको, आजी ऐकते. मी पत्रानं नीट कळवते. तोवर तू बोलायचं नाहीस." तिनं कबूल केलं.

तेव्हा हे पत्र मी उद्या पेटीत टाकीन. कुरिअरनं नाही, साध्या पोस्टानं. मंगळूरला पोचायला त्याला लागायचा तो वेळ लागू दे. तोपर्यंत हा दात जिवंत आहे, हे फक्त मला आणि माझ्या लेकीला ठाऊक असेल. तेवढे दिवस माझे.

मग तू फोन कर. तुझ्या आईनं माळ थांबवली तरी चालेल.

इंदू